उतारावरचा हायवा

खाणीत डंपर उलटला की बातमीत ठरलेलं वाक्य येतं : चालकाचा ताबा सुटला. तो सुटतो कसा, ते सहसा कुणी लिहीत नाही.

मुळशीत नांदे-चांदेच्या बाजूला काळ्या दगडाच्या खाणी आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट. जमिनीत खोल गेलेल्या खाणीतून भरलेली गाडी वर चढते. डोंगर कापून काढलेल्या खाणीत मात्र ती भरलेली खाली उतरते, आणि धोका तिथेच आहे.

दहा चाकी हायवा डंपर भरल्यावर साधारण २८ टनांचा होतो. तो ६० मीटर, म्हणजे वीसमजली इमारतीएवढा खाली उतरला की जवळपास १६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत ५० लिटर पाणी उकळेल. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली तर ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरकतो, लायनरची पकडही कमी होते. चालक पेडल दाबत राहतो, हवेचा दाब घटत जातो आणि गाडी काही थांबत नाही.

म्हणून खाणीतल्या रस्त्याचा उतार साधारण १६ला १ असावा, असा दंडक आहे. ६० मीटर उतरायला मग ९६० मीटर रस्ता लागतो. जागा वाचवायला ८ला १ केला तर ४८० मीटरमध्ये भागतं. उष्णता मात्र तेवढीच राहते. ताशी १५ किलोमीटरने चार मिनिटांत जिरायची ती दोन मिनिटांत जिरवावी लागते. ताबा सुटण्याची सुरुवात रस्ता आखतानाच झालेली असते, ती अशी.

चालकाच्या हातात उरतो गिअर. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी हा चढ चढेल, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. मग बराचसा भार इंजिन पेलतं. डिझेल वाचेल म्हणून न्यूट्रल करून गाडी सोडणारे अजून भेटतात. त्यात डिझेलही वाचत नाही. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

मुळशीच्या पावसात दगडाच्या भुकटीचा चिखल होतो आणि टायरची पकडही जाते. मग शेवटचा आधार दरीच्या बाजूच्या मुरुमाच्या बांधाचा. अमेरिकेतल्या नियमानुसार त्याची उंची खाणीतल्या सर्वांत मोठ्या गाडीच्या चाकाच्या निम्म्यापर्यंत तरी हवी. गुडघ्याएवढा ढिगारा हायवा सहज ओलांडतो.

असे नियम लहान खाणींना लागू नाहीत, असं वाटू शकतं. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९५२च्या खाण कायद्यातल्या बऱ्याच तरतुदींतून त्यांना सूट होतीही. पण त्यासाठी खोली ६ मीटरच्या आत, कामगार ५०च्या आत आणि सुरुंग अजिबात नाही, या तिन्ही अटी एकदम पाळाव्या लागत. काळा दगड फोडायला सुरुंग लावला की ती सूट जाई.