बंब टिकतो तो पाण्यावर

आमच्या चौलच्या वाड्यांत सरपणाची वानवा नसते. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या असं काही ना काही रोज गळत असतंच. त्यामुळे घरात गिझर आला, तरी मागीलदारी तांब्याचा बंब अजून पेटतो. पाहुणे त्याची लकाकी बघतात. मी मात्र सकाळी तोटीखाली पांढरी वाटी धरते. पहिल्या धारेत पांढरे कण आले किंवा पाण्याला हिरवट छटा दिसली, की बंबाच्या पोटात काय चाललंय ते कळतं.

बंबाची रचना सोपी आहे. मधून उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव आणि नळीभोवती पाणी. म्हणजे सगळी उष्णता त्या नळीच्या पत्र्यातूनच पाण्यात शिरते आणि पाण्यातला क्षारही नेमका तिथेच जाऊन बसतो.

हा क्षार येतो कुठून? आमच्या विहिरी पुळणीच्या जमिनीत आहेत. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो आणि खाली करल, म्हणजे वाळू-शिंपल्यांचा घट्ट झालेला दगड, लागतो. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि शिंपल्यातला चुना विरघळवतं. तेच पाणी बंबात तापलं की वायू निघून जातो आणि चुना पुन्हा घट्ट होऊन नळीला चिकटतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. ३०० मिलिग्रॅमचं पाणी धरलं, तरी १०० लिटरमागे ३० ग्रॅम होतात. त्यातला काही भागच थर धरतो, पण बंबात रोज नवं पाणी पडतं आणि रोज त्यात भर पडते. तांब्याच्या तुलनेत हा थर उष्णता शंभराहून अधिक पटींनी कमी वाहून नेतो. मग सोडणं जास्त जळतात आणि पाणी कोमटच राहतं.

थंडीच्या देशांत घराबाहेर लाकडाच्या मोठ्या भट्ट्या असतात. त्यांचं गरम पाणी नळ्यांतून घरभर फिरून परत भट्टीत येतं. पाणी तेच राहत असल्याने तिथे चुन्यापेक्षा गंजाची धास्ती जास्त. म्हणून ते पाणी किंचित अल्कधर्मी ठेवतात, गंजरोधक रसायन घालतात आणि वेळोवेळी तपासतात. आपण बंबातल्या पाण्याने अंघोळ करतो. त्यात असलं काही घालायचं नाही. साफसफाई हाच उपाय.

तोटी तळापासून थोडी वर बसवलेली असते, त्यामुळे गाळाचं पाणी खाली राहून जातं. विस्तव विझून बंब निवला, की आठवड्यातून एकदा तो कलंडवून पूर्ण रिता करावा. उकळल्याने मीठ जात नाही. थोडं पाणी आटलं, वरून भर घातली, असं चालू राहिलं तर खारेपणा वाढतच जातो आणि तोटीच्या पितळेतलं जस्त झिजतं. पिवळी तोटी तांबूस दिसू लागली, की ती बदलायला झाली समजावं.

चिंचेने बंब बाहेरून उजळतो. आतल्या थराला लिंबूसत्त्व बरं. लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम, या प्रमाणात द्रावण करून नळी बुडेपर्यंत भरायचं. नळीवर बारीक बुडबुडे उठतात, सरसर आवाज येतो आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. बुडबुडे थांबले की द्रावण काढून दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुवावं. लोखंडी सळईने खरवडू नये, पत्रा पातळ होतो. जवळ ब्लीचिंग पावडर ठेवू नये. आम्लाशी गाठ पडली की विषारी क्लोरीन सुटतो.

रिकामा बंब कधीही पेटवू नये. पाणी आहे तोवर पत्रा शंभर अंशांच्या आसपास राहतो. पाणी संपलं की सांध्यांचा शिसे-कथलाचा डाक १८३ अंशांना वितळू लागतो. त्या डाकातलं शिसं पाण्यात उतरू शकतं, म्हणून बंबातलं पाणी चहाला किंवा स्वयंपाकाला घेऊ नये.

पण बंबाची खरी काळजी विहिरीवर सुरू होते. किनाऱ्यालगत गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० फूट गोड्या पाण्याचा साठा असतो. म्हणजे वरची पातळी फूटभर उतरली, की खालचं खारं पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू शकतं. रहाटाने उपसा बेताचाच व्हायचा. पंपाला ती सीमा नाही. चौल, रेवदंडा, नागावच्या माझ्या शेजाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: वैशाखात पंप सलग चालवू नका, थोडा थोडा वेळ चालवा. पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीकडे वळवा. विहीर गोडी राहिली तर बंब टिकेल, आणि पोफळीही.