टपावरचें ओझें

प्रवास ठरला कीं आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो "बरोबर काय काय घ्यावयाचें?" हा. "तें ठेवावयाचें कोठें?" हा दुसरा प्रश्न गाडी दाराशीं उभी राहीपर्यंत कोणास सुचत नाहीं. मग आंत जें मावत नाहीं तें सरसकट टपावर चढतें. डोंबिवलीच्या आमच्या अकरा माणसांच्या कुटुंबांतही हाच शिरस्ता होता. तो मोडावयास माळशेज घाट लागला.

१९५० सालीं जर्मनींत फोक्सवॅगनची पेटीवजा गाडी निघाली आणि तींत बिछाना, चूल व कपाट बसवून हिंडतें घर करण्याची हौस पुढें जगभर पसरली. आपल्याकडे ही हौस पुष्कळ अंशीं मॅटडोरनें भागविली. बजाज टेंपोच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी एके काळीं शाळेचीं मुलें, भाजीचे हारे, लग्नाचें वऱ्हाड असें सर्वच कांहीं वाहत असे. तिचें उत्पादन बंद होऊन बरींच वर्षें लोटलीं. आमच्या काकांनीं तिच्या उतारवयांत ती विकत घेतली, आंत दोन लांब बाकें ठोकून घेतलीं आणि टपावर लोखंडी कॅरिअर चढविलें.

२००२ सालच्या श्रावणांतील ही गोष्ट. आजीस जुन्नराकडील आपलें माहेर एकदां डोळे भरून पाहावयाचें होतें. जुन्नरास रेल्वे नाहीं, आणि एस्. टी.चा प्रवास तिच्या गुडघ्यांस झेपण्यासारखा उरला नव्हता. मॅटडोरमध्यें तिला आडवें होतां येई, म्हणून सर्व आशा त्या गाडीवर. निघतांना टपावर काय चढलें नाहीं? आजीची पत्र्याची ट्रंक, तांदळाचें पोतें, पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन, काकूंचें पितळी पातेलें, आणि या सर्वांवर गाद्यांच्या वळकट्या. मागच्या दाराशीं स्टेपनी व गॅसचा सिलिंडर. कल्याण, मुरबाड, सरळगांव, टोकावडें येथपर्यंत सर्व सुरळीत चाललें. घाटांत पावसाची झड आली, धुकें उतरलें, आणि एका चढाच्या वळणावर पुढचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. पाहतां पाहतां गाडी हातभर मागें सरकली. मागें कठडा होता, आणि कठड्यापलीकडे धुक्याशिवाय कांहीं दिसत नव्हतें.

थोरल्या दादानें उडी टाकून मागच्या चाकांखालीं धोंडे लावले, म्हणूनच हें लिहावयास मी उरलों. मग टपाकडे नजर गेली. टपाच्या कडेनें पाणी वाहून जाण्यासाठीं पत्र्याची जी पन्हळ असते, तिलाच कॅरिअरच्या पकडी आवळलेल्या असतात. ती पन्हळ एका बाजूस गंजून कुजली होती. वरून रंग दिलेला असल्यामुळें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. पकड सुटून सारें ओझें दरीकडे कललें होतें. भर पावसांत आम्हीं तें उतरवूं लागलों. आजी आंतून म्हणाली, "अरे, माझी ट्रंक राहूं द्या रस्त्यावर, मला तेवढी पोंचवा."

चाकें फिरलीं कां, याचा उलगडा मागाहून झाला. मॅटडोरचें इंजिन पुढें आणि तें ओढतें तींही पुढचींच चाकें. मागच्या चाकांपर्यंत दांडा न्यावा लागत नसल्यानें गाडीचा तळ ठेंगणा राहतो व म्हाताऱ्या माणसांस चढणें सोपें जातें. परंतु जड सामान मागच्या आंसाच्याही मागें रचलें, तर चढावर पुढचीं चाकें हलकीं होतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड सुटते. हा गुण या गाडीचा; फोक्सवॅगनच्या त्या जुन्या गाडीचें इंजिन मागें असल्यानें तिला हें दुखणें नाहीं.

टपाचें गणित मात्र सर्वच गाड्यांस सारखें. समजा, गाडीचें वजन दीड हजार किलो व तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० सें.मी. उंचीवर आहे. २२० सें.मी. उंचीच्या टपावर १०० किलो ठेवले, तर तो सुमारें ९ सें.मी. वर चढतो. तेंच ओझें बाकाखालीं ६० सें.मी.वर ठेवलें, तर वर न जातां किंचित् खालींच येतो. घाटांतल्या वळणावर या फरकाची किंमत कळते. शिवाय वाऱ्याचा विरोध आहेच: वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो, म्हणून रिकामें कॅरिअरही टपावर उगीच मिरवूं नये.

आतां आमच्या घरीं सामान काकू लावतात आणि त्यांच्या शब्दापुढें काकांचेंही चालत नाहीं. पाणी, तांदूळ व भांडीं बाकाखालच्या पेट्यांत, दोन्ही आंसांच्या मधोमध. डबे एकांत एक बसणारे. खडखड होऊं नये म्हणून मधून पंचे. कपाटांच्या दारांस अडसर, नाहींतर पहिल्याच वळणावर मेतकुटाचा डबा डोक्यावर! सिलिंडर पांच किलोचा, उभा, हवा खेळेल अशा पेटींत. टपावर उन्हांत कदापि नाहीं. दोरी नायलॉनची असली तर ती भिजल्यावर ताणून सैल पडते, म्हणून खटक्याचे पट्टे वापरावे आणि दहा-बारा किलोमीटरांवर थांबून पुन्हां आवळावे. सामानासुद्धां गाडीची उंची मोजून ती चिठ्ठी चालकासमोर चिकटवावी. आमच्या सोसायटीच्या कमानीनें आमचा एक कंदील खाल्ला आहे.

बाक-कपाटें कायमचीं जोडावयाचीं असल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आधीं वाचावें. बांधणींतील फेरफारास नोंदणी-अधिकाऱ्याची संमति लागते, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं गाडी तपासणीस न्यावीच लागते. त्या दिवशीं पन्हळीचा रंग खरवडून पाहावा, हें माझें पदरचें.

माळशेजच्या शेजारींच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याण बंदराचा माल बैलांच्या पाठीवरून त्याच वाटेनें जुन्नरास चढे. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून तेथें उभा आहे. बैलाच्या पाठीवर गोणी टाकतांना दोन्ही बाजू सारख्या भरल्या नाहींत, तर पहिल्या चढावरच ती घसरते, हें त्या तांडेवाल्यांस कोणी शिकवावें लागलें नसेल.

आजी त्या दिवशीं माहेरीं पोंचली, दिवेलागणीस. ट्रंक दुसऱ्या दिवशीं दादा जीपनें जाऊन घेऊन आला. ती आतां मधल्या बाकाखालीं असते. टपावर दोन घडीच्या खुर्च्या आणि एक ताडपत्री.