न्हाणीघर आणि पेठ

टोकियोतल्या कुरामाए या पेठेच्या नावाचा अर्थ ‘कोठारांसमोर’. सुमिदा नदीकाठी इथे शोगुनांची तांदळाची कोठारे होती. सामुराईंचा पगार तांदळात. तो विकून रोकड करून देणारे, पुढच्या तांदळावर कर्ज देणारे अडते इथेच गब्बर झाले. 1789 साली सरकारने सामुराईंची जुनी कर्जे एका हुकमाने माफ करून टाकली! उभी हयात बँकेत घालवलेल्या माणसाला ही पेठ परकी कशी वाटावी?

कोठारे गेली. आता खेळण्यांच्या घाऊक पेढ्या आणि त्यांच्यामधून डोके वर काढणारी अरुंद, उंच हॉटेले. अशाच एका हॉटेलात आम्ही उभयता पाच रात्री राहिलो. दुपारी तीनच्या आधी खोली नाही, मग तुम्ही कोणीही असा. खोली एवढीशी, की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचे.

पाहण्यासारखे होते ते न्हाणीघर. भिंती, जमीन, टब, बेसिन सारे जणू एकाच साच्यातून काढलेले. 1964 च्या ऑलिंपिकसाठी न्यू ओतानी हॉटेलच्या हजारावर खोल्या घाईने उभ्या करायच्या होत्या. गवंड्याने एकेक न्हाणी बांधत बसायला सवड कुठली? आज तोतो नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ती कारखान्यात तयार करून जागेवर नुसती जोडून दिली. पुढे अशाच न्हाण्या घराघरांत शिरल्या, आणि पेठेपेठेतली सार्वजनिक स्नानगृहे, म्हणजे ‘सेंतो’, ओस पडू लागली. 1968 च्या सुमारास टोकियोत अडीच हजारांवर सेंतो होते. आज पाचशेही उरलेले नाहीत. दोष कोणाला द्यायचा? स्वतःच्या घरात गरम पाणी कोणाला नको असते?

चौथ्या संध्याकाळी हॉटेलातला तो नितळ टब सोडून आम्ही जवळच्या सेंतोत गेलो. माणशी 550 येन. ही बायकांच्या बाजूला गेली, मी पुरुषांच्या. अंगावर सूतभर कपडा नाही! बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचे, मगच सामाईक हौदात उतरायचे. पाणी असे कढत, की माझा पाय आपोआप मागे आला. शेजारच्या आजोबांनी मुकाट्याने थंड पाण्याचा नळ दाखवला. मग खुणेनेच विचारले, कुठले? ‘इंदो,’ मी म्हणालो. चार दिवसांत हे मला हॉटेलच्या काउंटरखेरीज कोणी विचारले नव्हते. आजोबा हसले, पाण्यातूनच हात जोडले आणि माझ्यासाठी जरा सरकून बसले.