संमती कुठवर चालते?

समजा, डोंबिवलीतील एक विवाहिता. सकाळच्या लोकलमध्ये ती मनगटापर्यंत बाह्या ओढून बसते, कारण हातांवर दोरीचे वळ आहेत. वळ नवऱ्याने बांधल्याचे, पण दोघांनी आपसांत ठरवूनच. हात बधिर झाला म्हणून ती दवाखान्यात जाते आणि ‘कपड्यांच्या दोरीत हात अडकला’ असे सांगते. खरे सांगितले तर डॉक्टर वेडे ठरवतील, पोलीस नवऱ्याला नेतील, ही धास्ती. ती कितपत खरी?

हा आजार आहे का?

बांधणे, चापट मारणे, एकाने हुकूम सोडणे व दुसऱ्याने पाळणे, अशा कामक्रीडेला ‘किंक’ किंवा ‘बीडीएसएम’ म्हणतात. दोन प्रौढांच्या राजीखुशीने होत असेल, तर तेवढ्यावरून कोणी मनोरुग्ण ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या यादीतून असे संमतीचे प्रकार वगळले. दुसऱ्यावर जबरदस्तीने वेदना लादण्याची तीव्र, सतत राहणारी ओढ मात्र त्या यादीत विकार म्हणून कायम आहे.

कायदा काय म्हणतो?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खासगी शरीरसंबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. मात्र दुखापतीचे कायदे वेगळे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार, अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल, तर तिला झालेली इजा गुन्हा ठरत नाही. अट अशी, की मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसावा आणि तसे होण्याचा संभव करणाऱ्याला ठाऊक नसावा. कायद्यातले उदाहरण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे आहे. शय्यागृहाचा उल्लेख नाही.

गंभीर दुखापत म्हणजे हाड किंवा दात मोडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, जिवाला धोका होणे किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहणे. यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेला होकार, तसेच नशेमुळे काय चालले आहे हे न समजता दिलेला होकार, ही संमती नव्हे. चित्रीकरणाला होकार म्हणजे ते इतरांना पाठवायलाही होकार, असेही नाही.

ब्रिटनमध्ये १९९३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी, अशा प्रसंगी झालेल्या जखमांसाठी संमतीचा बचाव नाकारला होता. वाद तिथेही जखम किती खोल, यावरच होता.

गळा दाबणे नकोच

इथे वैद्यक आणि कायदा एकत्र येतात. गळा दाबल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा घटून काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. बाहेर वळ न दिसताही मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन नंतर पक्षाघात होऊ शकतो. याची ‘सुरक्षित’ पद्धत नाही. जिवाला धोका झाला, की संमतीचे कवचही गळून पडते.

डॉक्टरांना काय सांगावे?

खरे तेच. दोरीने मज्जातंतू दाबला गेला, तर हात काही आठवडे लुळा राहू शकतो. किती वेळ, कुठे बांधले होते, हे कळल्याशिवाय उपचार नेमके होत नाहीत. सरकारी रुग्णालयात संशयास्पद जखमांची ‘मेडिको-लीगल’ नोंद होऊन पोलिसांना कळवले जाऊ शकते. पण ती नोंद म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. डॉक्टर जखमा लिहितो. संमती होती का, हे न्यायालय ठरवते.

म्हणूनच अशा रुग्णाशी जोडीदाराला बाहेर बसवून, एकांतात बोलणे गरजेचे. ‘नको म्हटल्यावर तो थांबतो का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो खेळ नाही, अत्याचार आहे. त्यासाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.