मूत्रपिंडाचे राखणदार नॅनोकण

दिवाळीच्या सुमारास बीडच्या धारूर, वडवणीकडचे कोयते (म्हणजे नवरा-बायकोची जोडी) पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडांत उतरतात. उन्हात, अपुऱ्या पाण्यावर मोळ्या वाहताना कधी स्नायूच फुटू लागतात. त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांत पोचलं, की घातक ऑक्सिजन-रेणूंचा भडका उडतो.

२०१८ मध्ये अमेरिकी-चिनी संशोधकांनी अशीच इजा झालेल्या उंदरांना डीएनएच्या धाग्यांच्या घड्या घालून बनवलेले नॅनोकण टोचले. हे कण मुख्यतः मूत्रपिंडात साचले, घातक रेणू त्यांनी स्वतःवर झेलले आणि मूत्रपिंडाचं काम सुधारलं. नामी युक्ती!

पण हे उंदरांतलं यश. फडापर्यंत ते अजून आलेलं नाही. तिथे या मायोग्लोबिनमुळे लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर काम थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात क्रिएटिनिन तपासून घ्यावं लागतं.