आधी पगाराचा ‘ब्रेकअप’ मागा!
पहिली ऑफर आली, पॅकेज 4 लाख 20 हजार! पण लगेच बाराने भागून 35 हजारांची स्वप्नं बघू नका. समजा, त्यातले महिन्याला 3,500 व्हेरिएबल पे आहेत. बेसिक 15 हजार असेल तर 12 टक्क्यांनी कंपनीचा पीएफ 1,800, तुमचाही 1,800. महाराष्ट्रात वर प्रोफेशनल टॅक्स 200. हातात उरले 27,700! पुण्या-मुंबईतलं रूमभाडं, डबा यातूनच. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी एचआरला मेल करा: ‘ऑफरबद्दल आभार. इन-हँड किती मिळेल? व्हेरिएबलमधली काही रक्कम फिक्स्डमध्ये देता येईल का?’ सोबत इंटर्नशिपमध्ये केलेलं काम सांगा. घरच्या अडचणी नकोत. फार तर ‘नाही’ म्हणतील. जे कबूल करतील, ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. मगच सही!