लांडग्यांच्या घरातली बोली

परवा सहावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, लांडगे एकमेकांशी बोलतात का हो?" मी चटकन् सांगून टाकलं, "कळपात एक दांडगा पुढारी असतो. तो गुरगुरला, की बाकीचे मुकाट ऐकतात." घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा कळलं, की आपण मुलांना चुकीचंच सांगून आलो. मैत्रिणींनो, तुम्हीही घरी मुलांना असंच सांगत असाल, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही दांडग्या पुढाऱ्याची कल्पना आली कुठून? रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बंदिस्त आवारातले लांडगे ते! दूर निघून जायला वाव नाही, मग कुरबुरी आणि वरचढपणा आलाच. अमेरिकेतले डेव्हिड मीच यांनीही १९७० सालच्या आपल्या पुस्तकात हीच कल्पना मांडली. पण १९८६ पासून कॅनडाच्या थेट उत्तरेकडल्या एल्समीअर बेटावर त्यांनी अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात काढले. तिथं त्यांना दिसलं, की कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पोरं. चक्क एक कुटुंब! १९९९ साली त्यांनी तसं लिहिलं आणि स्वतःचीच जुनी समजूत खोडून काढली.

मग ह्या घरात बोलणं चालतं कसं? पुष्कळसं तोंड न उघडताच. बाहेरून कुणी शिकार करून आलं, की पिल्लं धावत जाऊन त्याचं तोंड चाटतात. "भूक लागली" म्हणण्याची ही त्यांची रीत. मग मोठा लांडगा पोटातलं मांस ओकून त्यांना भरवतो. पोरं मोठी झाली, तरी कान मागे पाडून, अंग चोरून आईबापांचं तोंड चाटतातच. आपल्याकडे वाकून नमस्कार करतात ना, तसंच काहीसं! पुढचे पाय पसरून मागचा भाग उंच केला, की "चल, खेळू या". आईनं हलकंसं कुंईकुंई केलं, की पिल्लं बिळाबाहेर येतात. धोका दिसला, तर एकच आखूड भुंकणं.

शेजाऱ्यांशी बोलणं वासानं. अमेरिकेतल्या मिनेसोटा भागातल्या १९७५ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की वाटेवर सरासरी दर २४० मीटरला लांडगे आपल्या वासाची खूण ठेवतात, आणि हद्दीच्या कडेला तर दुप्पट. दारावरची पाटीच म्हणा ना!

आणि तो लांबलचक हेल? रानात तो नऊदहा किलोमीटरपर्यंत ऐकू जातो, उघड्यावर त्याहून दूर. सगळे मिळून गळा काढतात, तेव्हा जो तो आपला सूर वरखाली करतो, त्यामुळे चारपाच जण असले तरी मोठा कळप वाटतो. शेजारचा कळप दूर राहतो आणि मारामारी टळते. पण हेल नुसता धाक घालायला नसतो. ऑस्ट्रियात पाळलेल्या लांडग्यांपैकी एकेकाला फिरायला नेऊन मागं राहिलेल्यांचा हेल ऐकला गेला. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्याच्याशी अधिक जवळीक, त्याच्यासाठी हेल अधिक! नुसत्या घाबरण्यानं तसं होत नव्हतं, हेही तपासलं होतं. उशीर झालेल्या माणसासाठी आपण खिडकीत उभ्या राहतो, त्यातलाच प्रकार.

आपल्या सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांवरही लांडगे आहेत. मेंढरं राखणाऱ्या धनगरांना त्यांचा त्रास होतो, हे खरंच. पण माळरानंच आटली, तर त्या कुटुंबांनी जावं कुठं?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या म्हटलं, "मुलांनो, काल मी चुकीचं सांगितलं." मीच यांच्यासारख्या जाणत्या माणसानं चूक कबूल केली, तिथं माझा काय पाड! ऐकून ती मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, तिथं आईबापच पुढारी?" म्हटलं, "हो. आणि गुरगुरण्यापेक्षा त्यांचं भरवणंच जास्त."